जुना कन्सोल घ्यायचाय? आधी गेम ठरवा, मग यंत्र अर्धा तास तापवून बघा

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात किंवा ओएलएक्सवर जुना कन्सोल शोधायला निघण्याआधी, खेळायचे चार-पाच गेम कागदावर लिहून काढा. यंत्राची निवड तिथेच निम्मी होते. यादीत जीटीए ६ असेल तर पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) घेऊन उपयोग नाही, कारण तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालाय. ब्लडबोर्न असेल तर एक्सबॉक्स बाद. तो गेम प्लेस्टेशनबाहेर कधी आलाच नाही. झेल्डा किंवा मारिओ असेल तर निन्टेन्डोचा स्विचच लागणार. आणि घरच्यांबरोबर फुटबॉल, क्रिकेट, थोडी मारामारी एवढीच हौस असेल, तर महागड्या यंत्रावर पैसे घालायचं काही कारण नाही.

कुठला घ्यावा, यावर माझं स्पष्ट मत

पहिल्यांदाच कन्सोल घेणाऱ्या बहुतेकांसाठी पीएस४ स्लिम. मॉडेल नंबर सीयूएच-२०००पासून पुढे, २०१६ सालापासूनचा. आवाज कमी, वीज कमी, ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय आहे आणि आत जाणारी हार्ड डिस्क पाच मिनिटांत बदलता येते. याआधीच्या जाड पीएस४मध्ये घ्यायचाच असेल तर सीयूएच-१२०० घ्या. त्याला दाबायची खरी बटणं आहेत. सीयूएच-१००० आणि ११०० यांची बटणं स्पर्शाची आहेत, आणि यंत्र मध्येच 'बीप' करून स्वतःहून डिस्क बाहेर टाकतं, ही या दोन मॉडेल्सची जुनी खोड आहे. जाड पीएस४चा एकच खरा फायदा म्हणजे मागचं ऑप्टिकल ऑडिओ पोर्ट. जुना होम थिएटर जोडायचा असेल तर ते लागतं, स्लिमला ते नाही.

पीएस४ प्रो फोर-के टीव्ही असेल तरच. त्यातही सीयूएच-७००० आणि ७१०० यांचा पंखा इतका वाजतो की रात्री शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा व्हावा. ७२०० शोधा, तो बराच शांत आहे. साध्या फुल एचडी टीव्हीवर प्रो घेणं म्हणजे बहुतेक गेममध्ये जास्तीची उष्णता विकत घेणं.

एक्सबॉक्स सिरीज एस हे सुंदर, छोटंसं, शांत यंत्र आहे, पण त्यात डिस्क घालायची सोयच नाही. आपल्याकडे स्वस्तात गेमिंग होतं ते डिस्कच्या जोरावर: घेतली, संपवली, विकली किंवा मित्राशी बदलली. सिरीज एसवर हा रस्ता बंद. दर महिन्याला गेम पासचे (एक्सबॉक्सच्या गेम-वर्गणीचे) पैसे भरायची तयारी असेल आणि एकाच गेमवर फार जीव जडत नसेल, तर ते यंत्र मस्त आहे. ५१२ जीबीपैकी हाताशी येते ३६४ जीबी, म्हणजे मोठे गेम चार-पाचच बसतात. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावली तर एक्सबॉक्स वन आणि त्याआधीचे गेम थेट तिच्यावरून चालतात. सिरीजसाठी बनलेले गेम तिथे फक्त साठवता येतात, खेळताना आत हलवावे लागतात.

पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० आज नव्याने घेऊ नयेत, घरात जुन्या डिस्क पडून असतील तरच घ्यावेत. ३६०चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ला बंद झालं. पीएस३ घ्यायचा तर पहिला जाड टाळा, स्लिम घ्या. जाडाची ग्राफिक्स चिप तापून मरते, पिवळा दिवा लागतो, आणि हीट गनने केलेली 'दुरुस्ती' काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही.

पीएस२बद्दल एवढंच: तो खरा खुलतो जुन्या डब्ब्या टीव्हीवर. सपाट टीव्हीवर पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने जोडलात तर चित्र धुरकट दिसतं आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते, कारण टीव्ही आधी ते जुनं चित्र जोडत बसतो. कंपोनंट केबल मिळाली तर फरक पडतो. भारतीय खेळांचा गेम म्हणून २००९चा 'देसी अड्डा' याच यंत्रावर होता. कबड्डी, विटीदांडू, पतंग असं सगळं त्यात आहे. गेम साधाच, पण लहान मुलांबरोबर एकदा लावून बघावा.

परदेशातून नातेवाइकाने आणलेला कन्सोल घेत असाल तर यंत्राच्या किंवा अडॅप्टरच्या खालचं स्टिकर वाचा. '१००-२४०' लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरे. अमेरिकेतल्या एक्सबॉक्स ३६०ची वीट (वायरमधला जाड अडॅप्टर) मात्र ११०च्या आसपासच्या व्होल्टेजचीच असते. ती आपल्या सॉकेटला लावली की जळते.

तपासायला जाताना

पुढचं सगळं मुख्यतः पीएस४ धरून लिहितोय, कारण जुन्या बाजारात तोच सर्वांत जास्त फिरतो. स्टेशनवर किंवा चहाच्या टपरीवर व्यवहार करू नका. टीव्ही आणि वीज जिथे आहे तिथेच भेटा. 'टीव्ही नाहीये, पण चालतोय, गॅरंटी देतो' असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

बरोबर न्या: तुमची स्वतःची, व्यवस्थित चालणारी एक पीएस४ डिस्क, शक्यतो गॉड ऑफ वॉर किंवा होरायझन झिरो डॉनसारखी जड. एचडीएमआय केबल. डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल असेल तर कंट्रोलर जोडलाच जात नाही आणि माणूस उगाच कंट्रोलरला दोष देतो. ३.५ एमएमचा साधा हेडफोन, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह, मोबाइलमध्ये हॉटस्पॉटपुरता डेटा, आणि स्वतःच्या प्लेस्टेशन अकाउंटचा पासवर्ड.

चालू करण्याआधी यंत्र हातात घ्या. हलकेच तिरकं करा. आत काही खुळखुळलं तर स्क्रू सुटलाय किंवा तुटलेला तुकडा फिरतोय. मागच्या स्क्रूंवरचे वॉरंटीचे स्टिकर आहेत का बघा. नसतील तर यंत्र उघडलं गेलंय. ते वाईटच असं नाही, धूळ काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली असेल तर उलट चांगलं, पण काय केलं आणि कोणी केलं हे विचारा. खोक्यावरचा आणि यंत्रामागचा सिरीयल नंबर जुळवून घ्या. मग मोबाइलचा टॉर्च मागच्या जाळीतून आत मारा. दोन गोष्टी शोधायच्या: गंज आणि झुरळं. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत आतल्या पत्र्यावर तांबूस डाग धरतात. थोडे डाग चालतात, पण एचडीएमआय पोर्टच्या कडेला हिरवट-पांढरा थर दिसला तर सोडून द्या. झुरळांना पॉवर सप्लायची ऊब फार आवडते. काळे बारीक ठिपके आणि कुबट वास आला की समजावं, आतल्या पाट्यांवर घाण पसरलीय आणि आज ना उद्या कुठेतरी शॉर्ट होणार.

एचडीएमआय पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना एका रांगेत आहेत का बघा. केबल लावून ती बोटाने हलकेच वर-खाली करा. चित्र गेलं-आलं तर पोर्ट ढिलं आहे. ते बदलता येतं, पण सोल्डरिंगचं नाजूक काम आहे, तेवढे पैसे किंमतीतून कमी करून घ्या.

आता चालू करा. एक बीप, निळा दिवा, थोड्या वेळात पांढरा. निळाच लुकलुकत राहिला आणि टीव्हीवर काही आलं नाही, तर व्यवहार तिथेच थांबवा. केबल बदलून एकदा बघायला हरकत नाही, पण चिपचा दोष असला तर तो दुरुस्त करण्यापेक्षा दुसरा कन्सोल परवडतो.

होम स्क्रीन आली की सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडून सॉफ्टवेअरचा नंबर बघा. बराच जुना नंबर असेल आणि विकणारा 'जेलब्रेक आहे, सगळे गेम फुकट' म्हणत असेल, म्हणजे सोनीची कुलपं तोडून चोरीचे गेम चालवत असेल, तर नीट विचार करा. असा कन्सोल प्लेस्टेशनच्या नेटवर्कवर नेता येत नाही, अपडेट केला की जेलब्रेक जातो, आणि नेटवर्कवर पकडला गेला तर यंत्रावर बंदी येते. माझं मत विचाराल तर घेऊच नये. चोरीचे गेम हा एक प्रश्न, आणि मित्रांशी ऑनलाइन खेळण्याची मजाच जाते हा दुसरा.

हॉटस्पॉट जोडा, सेटिंग्जमधली इंटरनेट टेस्ट चालवा, आणि नवीन यूझर करून तुमच्या स्वतःच्या अकाउंटने साइन इन करा. सॉफ्टवेअर जुनं असेल तर साइन इन करण्याआधी अपडेट मागेल, ते करू द्या. अपडेट मध्येच अडकत असेल तर आत काहीतरी बिघडलंय. बंदी असलेलं यंत्र बाकी सगळं छान करतं, फक्त इथे अडतं. ही पायरी विकणाऱ्याच्या अकाउंटवर उरकू नका.

साइन इन झालं की इंटरनेट बंद करा. नाहीतर डिस्क घातल्याबरोबर वीस-तीस जीबीचं अपडेट उतरायला लागतं आणि तपासणी तिथेच थांबते. डिस्क घाला आणि कान द्या. ती सहज आत ओढली गेली पाहिजे. फिरताना पहिली काही सेकंद घरघर चालते, पण टकटक किंवा पुन्हा पुन्हा फिरायला लागून थांबणं चालत नाही. पीएस४ डिस्कवरचा सगळा गेम हार्ड डिस्कवर कॉपी करतो, तेव्हा हीच ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दोन्हींची परीक्षा असते. बरेच गेम थोडा भाग कॉपी झाला की सुरू करता येतात.

गेम सुरू झाल्यावर अर्धा तास सलग चालू ठेवा. गॉड ऑफ वॉर किंवा होरायझन असेल तर नकाशा उघडा आणि दहा मिनिटं तसाच सोडा. बघायला तिथे काही घडत नाही, पण याच स्क्रीनवर ग्राफिक्स चिप पूर्ण ताकदीने पळते आणि पंखा सगळ्यात वर जातो. पंखा वाढणं स्वाभाविक आहे. चिंतेची बाब म्हणजे नुसत्या होम स्क्रीनवर पाच मिनिटांत तो शिट्टी घालायला लागणं, किंवा यंत्र फार तापलंय असा संदेश येणं. हे बहुतेक वेळा धूळ आणि सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे होतं, म्हणजे सुटणारा दोष आहे. पण चित्रावर रंगीत चौकटी, रेघा, लुकलुक दिसली तर तो चिपचा दोष. नाही घ्यायचा.

गेम बंद पडला तर एरर कोड लिहून ठेवा. सीई-३४८७८-० हा सगळ्यात जास्त दिसतो. त्याचा अर्थ फक्त 'गेम कोसळला'. तो एकाच गेमला आला तर फार अर्थ काढू नका. दोन-तीन वेगळ्या गेमना आला, मेन्यूसुद्धा अडखळत असेल, तर हार्ड डिस्क जातेय. आधीपासून डाउनलोड केलेला गेम व्यवस्थित चालतो आणि फक्त डिस्कच वाचली जात नाही, तर दोष ड्राइव्हचा. या दोघांत फरक मोठा आहे. हार्ड डिस्क कुठलीही २.५ इंची साटा, ९.५ मिलिमीटरपर्यंत जाडीची चालते आणि घरी बदलता येते. ड्राइव्हचा सर्किट बोर्ड मात्र त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. दुसऱ्या पीएस४ची अख्खी ड्राइव्ह काढून लावली तर डिस्क वाचत नाही. मूळ बोर्ड ठेवून फक्त लेन्स किंवा रोलर बदलावा लागतो. म्हणून हार्ड डिस्कच्या दोषावर घासाघीस करून घ्या, ड्राइव्हच्या दोषावर सहसा माघार घ्या.

कंट्रोलरला वेगळा वेळ द्या, कारण बाजारात नकली ड्युअलशॉक ४ (पीएस४चे कंट्रोलर) भरपूर आहेत. हेडफोन कंट्रोलरला लावा, आवाज येतो का बघा. त्याच्या छोट्या स्पीकरमधून आवाज येतो का बघा. कुठेही टाइप करायची जागा उघडून कीबोर्ड आला की उजवी काडी (स्टिक) आत दाबा. कंट्रोलर हवेत हलवून अक्षरं निवडता आली पाहिजेत. बहुतेक नकली कंट्रोलर यातल्या एखाद्या परीक्षेत पडतात. मग गेममध्ये कॅमेरा कुठेही न हलवता हात बाजूला ठेवा. चित्र आपोआप सरकू लागलं तर ड्रिफ्ट आहे. दोन्ही काड्या चारी दिशांना ढकलून सोडून बघा, कारण ड्रिफ्ट कधी कधी सोडल्यानंतरच दिसतो. काडीचा सुटा भाग स्वस्त मिळतो, पण प्रत्येकी १४ सोल्डर काढून पुन्हा लावावे लागतात. कंट्रोलर नीट जोडला जात नसेल तर मागे एल२च्या जवळचं बारीक छिद्र पिनने काही सेकंद दाबा, केबल लावा आणि पीएस बटण दाबा.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याचं अकाउंट 'प्रायमरी'वरून (यंत्राचं मुख्य अकाउंट म्हणून) काढायला सांगा आणि यंत्र तुमच्यासमोर इनिशियलाइझ करायला, म्हणजे पूर्ण पुसायला लावा. 'अकाउंटमध्ये पंधरा गेम आहेत, तेही देतो' या वाक्याची किंमत शून्य धरा. पासवर्ड बदलला किंवा दुसरीकडे प्रायमरी केलं, की ते गेम गेले. डिस्क दिल्या तरच त्यांचे पैसे.

पीएस५ आणि स्विचसाठी वेगळं काय

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना. तपासणीचा क्रम तोच, पण दोन गोष्टी कडकपणे पाळा. एक, उघडलेला पीएस५ घेऊ नका. चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक आहे, हीट सिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) काढून बेफिकिरीने परत बसवला की ते कडेला सांडून शॉर्ट होऊ शकतं. बाजूची पांढरी पानं काढून धूळ साफ करणं किंवा एसएसडी लावणं म्हणजे 'उघडणं' नव्हे, ते सोनीनेच मोकळं ठेवलंय. दोन, आतली ८२५ जीबीची एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती गेली तर हार्ड डिस्कसारखी बदलता येत नाही. जागा वाढवायला एम.२ एनव्हीएमई प्रकारची एसएसडी लागते: जेन ४, वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीट सिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. हीट सिंकशिवाय लावू नका. स्लिम मॉडेलला सुटी डिस्क ड्राइव्ह लावत असाल तर पहिल्यांदा तिला जोडून घ्यायला इंटरनेट लागतं.

निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकलेला नाही, त्यामुळे इथे मिळतो तो बाहेरून आलेला, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडी. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, मग कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स उघडा. काडी सोडल्यावर खूण मध्यावर यायला हवी. जॉय-कॉन (दोन बाजूंचे सुटे कंट्रोलर) रेल्समध्ये सरकवून टक् असा आवाज करत अडकतात का, खेचल्यावर सुटतात का बघा. डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) घालून टीव्हीवर चित्र आणा, कारण चार्जिंगचं पोर्ट थकलेलं असलं तर ते इथे कळतं. मग ई-शॉप उघडा. २१२४-४००७ हा कोड आला तर यंत्रावर निन्टेन्डोची बंदी आहे, आणि यंत्रातला सगळा डेटा पुसला तरी ती जात नाही. बॅटरीसाठी २०१९ नंतरचं मॉडेल घ्या: एचएसी-००१ नंतर कंसात -०१ लिहिलेलं. पहिलं मॉडेल अडीच ते साडेसहा तास चालायचं, हे साडेचार ते नऊ.

घरी आणल्यावर

टीव्हीच्या युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मागे वीतभर मोकळी जागा हवी, कारण गरम हवा तिथून बाहेर पडते. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने जाळी झटका. दोन-तीन महिन्यांतून एकदा प्लग काढून एअर कॅनने छोटे छोटे झोत मारा, आणि त्या वेळी पंखा काडीने अडवून धरा. मोठ्या ब्लोअरने सरळ झोत मारला तर पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरतो आणि बेअरिंग जातं. पेस्ट बदलायची तर सुरक्षा टॉर्क्स टी८चा स्क्रूड्रायव्हर लागतो आणि पॉवर सप्लाय, पातळ रिबन केबल्स काढाव्या लागतात. आधी असं काम केलं नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. फाटलेली रिबन पेस्टपेक्षा महाग पडते.

वीज जाणाऱ्या गावात रेस्ट मोड बंद ठेवा. झोपलेल्या यंत्राची वीज अचानक गेली की डेटाबेस बिघडतो, मेन्यू रेंगाळतात. उपाय सोपा आहे: यंत्र पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा, साधारण सात सेकंदांनी दुसरा बीप आला की सोडा. सेफ मोड येतो. कंट्रोलर केबलने जोडा आणि पाचवा पर्याय, रीबिल्ड डेटाबेस, निवडा. गेम आणि सेव्ह जात नाहीत. ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा साधा यूपीएसही सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो.

हार्ड डिस्क बदलली तर याच सेफ मोडमधला सातवा पर्याय लागतो. इथे सर्रास चूक होते ती फाइलची. सोनीच्या साइटवर दोन फाइल असतात: अपडेटची छोटी आणि नव्याने बसवण्याची, साधारण एक जीबीची. नव्या डिस्कला मोठीच लागते. पेन ड्राइव्हवर पीएस४ नावाचं फोल्डर, त्यात अपडेट नावाचं फोल्डर, त्यात ती फाइल. सगळी नावं रोमन मोठ्या अक्षरांत, एकही जागा न सोडता. फाइलच्या नावापुढे ब्राउझरने '१' जोडला असेल तर काढून टाका, नाहीतर यंत्राला फाइल सापडत नाही.

डिस्क घेताना

ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे जाणारी रेघ सहसा त्रास देत नाही. गोलाकार, फिरण्याच्या दिशेने गेलेला ओरखडा देतो. आणि हे नक्की लक्षात ठेवा: पीएस३, पीएस४, पीएस५च्या ब्लू-रे डिस्क पॉलिश करून घेऊ नका. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे पीएस२ची डिस्क थोडी घासली तरी चालते. ब्लू-रेत तो फक्त ०.१ मिलिमीटरवर आहे आणि वर एक कडक संरक्षक लेप आहे. यंत्राने घासलं की लेपच जातो. पुसायचं ते मायक्रोफायबर कापडाने, मध्यापासून बाहेर सरळ. पीएस१च्या सीडीत उलट आहे: माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, म्हणून चित्राच्या बाजूवरचा ओरखडा जास्त धोक्याचा.

रेड डेड रिडेम्प्शन २ आणि द लास्ट ऑफ अस पार्ट २ यांच्या पीएस४ आवृत्तीत दोन डिस्क असतात, एक बसवायची आणि एक खेळायची. खोकं उघडून दोन्ही मोजा. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमची जुनी डिस्क घेताना सर्व्हर चालू आहेत का पाहा. द क्रूचे ३१ मार्च २०२४ला बंद झाले, त्याची डिस्क आता नुसती चकती आहे. डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण वेगळी विकत घ्यायची डीएलसी (गेमचा जादा भाग) डिस्कच्या प्रदेशाशी जुळणाऱ्या अकाउंटवरूनच बसते. अमेरिकन डिस्क आणि भारतीय अकाउंट अशी जोडी असेल तर डीएलसीचे पैसे वाया जाऊ शकतात.

सुरुवातीला काय घ्यावं? २०१८चा गॉड ऑफ वॉर आणि त्याच वर्षीचा स्पायडर-मॅन, दोन्ही पहिल्या तासातच हात बसवतात. अनचार्टेड ४ ज्यांना गेम अवघड वाटतात त्यांना द्या. रेड डेड घाईत खेळू नका, पहिले सहा-सात तास तो मुद्दाम संथ आहे आणि तिथेच बरेच जण सोडतात. ब्लडबोर्न अप्रतिम आहे, पण पहिला बॉस येईपर्यंत वीस वेळा मरायची तयारी हवी. दोघांनी सोफ्यावर बसून खेळायला इट टेक्स टू. त्यात एकट्याने खेळायची सोयच नाही. फुटबॉल एकत्र बसून खेळायचा असेल तर एक-दोन वर्षं जुनी डिस्क घ्या, ती अगदी स्वस्तात मिळते, आणि घरात खेळताना नव्या-जुन्या संघयाद्यांचा फारसा फरक पडत नाही. क्रिकेटमध्ये क्रिकेट १९ अजूनही सगळ्यात समतोल वाटतो. फलंदाजीचं टायमिंग शिकायला नेट्समध्ये वेळ घालवा, थेट सामना लावला की दोन षटकांत डाव आटोपतो.

आणि पुण्यात बनलेला राजी: ॲन एन्शंट एपिक जरूर खेळा. २०२०चा आहे, छोटा आहे, दोन-तीन संध्याकाळी संपतो. लढाई मध्यम दर्जाची आहे, उड्या मारताना कॅमेरा कधी कधी दगा देतो, पण राजस्थानी वाड्यांची आणि पहाडी चित्रांची ती रंगसंगती दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसत नाही. तो स्टोअरवरून घ्यावा लागला तर तुमच्या अकाउंटवर राहतो. विकता येत नाही, तेवढं धरून सवलत लागेपर्यंत विशलिस्टमध्ये टाकून ठेवा.